रविवारचा उपदेश: आधी शास्त्रभाग, मग मुद्दे

बऱ्याच तालुक्यांत एका ख्रिस्ती पाळकाकडे तीन-चार मंडळ्या (चर्च) असतात. पाळकसाहेब एका रविवारी इथे, तर पुढच्या रविवारी तिथे. मधल्या रविवारी उपदेशाला उभं राहायचं ते कुणी शिक्षक, कुणी नर्सबाई, कुणी निवृत्त कारकून, नाहीतर तरुण संघाचा सेक्रेटरी. हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यांची तळमळ कमी पडते असं मला कधी दिसलं नाही. चुकतो तो क्रम. शनिवारी रात्री आधी विषय सुचतो, मग तीन मुद्दे, मग मोबाइलवर आलेली एखादी गोष्ट, आणि या सगळ्याला टेकू द्यायला शेवटी एक वचन. असा उपदेश कानाला बरा लागतो. पण शास्त्रपाठ वाचून झाल्यावर बायबल मिटून ठेवलं तरी उपदेशकाचं काही अडत नाही. रोग ओळखायची हीच खूण.

खाली एकच शास्त्रभाग घेऊन सगळे टप्पे करून दाखवले आहेत: प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेलं फिलिप्पैकरांस पत्र, ४:१०-१३. तो मुद्दाम निवडला. यातलं १३वं वचन, 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे', दहावीच्या परीक्षेआधीच्या प्रार्थनासभेत हमखास येतं, मोटारीच्या काचेवर चिकटवलेलं असतं, वाढदिवसाच्या कार्डावर छापलेलं असतं. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याला पौलाने न सांगितलेलं काहीतरी सांगायला लावलेलं असतं. मीही तसं लावलं आहे, एकदा नव्हे, त्यामुळे बोट दाखवायला मी मोकळा नाही. बायबल उघडून शेजारी ठेवा.

आधीची जमवाजमव

एक वही, पेन्सिल आणि शास्त्रभागाची छापलेली किंवा हाताने उतरवलेली प्रत, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून. हाताने उतरवणं मला जास्त पटतं. डोळा ज्या शब्दावरून घसरतो, त्या शब्दावर हात अडतो. किमान दोन मराठी भाषांतरं हवीत: मंडळीत जे वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं, आणि सोप्या मराठीतलं एखादं. पंडिता रमाबाईंचं १९२४ सालचं भाषांतर मिळालं तर उत्तमच, कारण ते मूळ भाषांना धरून चालतं आणि त्यातला एखादा अवघडलेला शब्दच पुष्कळदा आपल्याला थांबवून विचार करायला लावतो. हिंदी किंवा इंग्रजी येत असेल तर तेही एकेक घ्या.

वेळ सगळा मिळून सात-आठ तास. नोकरी सांभाळून सोमवार ते शनिवार रोज तास-सव्वा तास निघाला तर पुरतो. हेच आठ तास शनिवारी सलग काढले तर मात्र काम होत नाही. शास्त्रभाग मनात मुरायला रात्री लागतात.

टप्पा १: शास्त्रभाग ठरवा

सगळ्यात सुरक्षित वाट म्हणजे एक पुस्तक घेऊन दर रविवारी क्रमाने पुढे जाणं. त्यात 'या वेळी कशावर बोलू' हा प्रश्नच उरत नाही, आणि आपल्याला न आवडणारे भागही टाळता येत नाहीत. ज्या मंडळ्यांत वर्षभराचे शास्त्रपाठ ठरवून दिलेले असतात, तिथे त्या दिवसाच्या पाठांपैकी एकच उपदेशासाठी घ्या. जुना करार, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान अशा चौघांना एका सुतळीत बांधायच्या नादात चारही निसटतात.

भाग कुठे तोडायचा? अध्याय आणि वचनांचे आकडे लेखकांनी घातलेले नाहीत, ते पुष्कळ नंतरचे आहेत. म्हणून आकड्यावर तोडू नका, विचार जिथे पूर्ण होतो तिथे तोडा. फिलिप्पै ४ मध्ये १० ते २० हा मिळून एकच विषय आहे: मंडळीने पाठवलेल्या देणगीची पोच. एकच रविवार हातात असेल तर १० ते २० घ्या. दोन असतील तर १०-१३ आणि १४-२० असे दोन भाग पडतात. आपण दोन धरू.

सावधान: एकटं वचन उचलू नका. थर्टीफर्स्टच्या रात्रीच्या उपासनेत यिर्मया २९:११ हे 'वर्षाचं वचन' म्हणून वाटलं जातं, देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत म्हणून. त्याच्या वरचंच वचन सत्तर वर्षांची मुदत सांगतं. बाबेलात धरून नेलेल्या लोकांना ते पत्र आहे: घरं बांधा, मळे लावा, तिथेच मुलांची लग्नं करा, लवकर सुटका नाही. कार्डावर छापताना सत्तर वर्षं गळतात आणि जानेवारीतल्या बढतीचं आश्वासन तेवढं उरतं.

टप्पा २: वाचा, मोठ्याने, पूर्ण पत्र

सोमवारचं काम एवढंच. फिलिप्पैकरांस पत्रात चार अध्याय आणि १०४ वचनं आहेत. एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटांत मोठ्याने वाचून होतं. सोमवारी एकदा, मंगळवारी पुन्हा. नंतर आपला भाग रोज दोनदा. लिहायचं काही नाही. टीकाग्रंथ (वचनांचा अर्थ उलगडून सांगणारं पुस्तक) उघडायचा नाही, यूट्यूबवर कुणी या भागावर काय बोललं तेही बघायचं नाही. एकदा दुसऱ्याचे तीन मुद्दे कानात बसले की शास्त्रभागात तुम्हाला तेच तीन दिसायला लागतात.

वाचताना प्रार्थना करा, आणि ती शास्त्रभागाच्याच शब्दांत करा. 'प्रभू, उपदेशाला आशीर्वाद दे' एवढ्यावर थांबू नका. 'मी समाधानी राहायला शिकलो आहे' असं पौल म्हणतो; मी शिकलो आहे का, हे आधी देवापुढे बोला. ज्या वचनाने सोमवारी तुम्हाला बोच लावली नाही, ते रविवारी मंडळीला लावेल अशी आशा फारशी धरू नये.

टप्पा ३: काय लिहिलं आहे ते बघा

घाई होते ती इथे, म्हणून मी इथेच जास्त थांबणार आहे. आता पेन्सिल हातात घ्या. अर्थ लावायचा नाही, फक्त जे लिहिलं आहे ते टिपायचं.

पुन्हा पुन्हा येणारे शब्द गोल करा. आपल्या भागात 'शिकलो', 'जाणतो', 'रहस्य' हे एकाच घराण्यातले शब्द ११ आणि १२ या दोन वचनांत येतात. म्हणजे जन्मजात स्वभाव किंवा अचानक उतरलेली शक्ती हा विषय नाही. पौल शिकलेल्या गोष्टीबद्दल बोलतो आहे. शिकायला वेळ लागतो, आणि चुकाही होतात.

जोड्या शोधा. १२व्या वचनात तीन आहेत: हलाखीत राहणं आणि विपुलतेत राहणं, पोट भरलेलं असणं आणि भुकेलं असणं, पुष्कळ असणं आणि गरजेत असणं. हे वचन गरिबांच्या सांत्वनासाठी म्हणून वाचायची आपल्याला सवय आहे, पण प्रत्येक जोडीतली एक बाजू सुबत्तेची आहे. भरल्या ताटावर बसून समाधानी राहणंही पौलाला शिकावंच लागलं.

जोडणारे शब्द अधोरेखित करा: 'कारण', 'म्हणून', 'तरी', 'असे नाही'. ११वं वचन 'मला उणीव आहे म्हणून मी हे बोलतो असे नाही' या अर्थाने सुरू होतं. म्हणजे पौल एक गैरसमज दूर करतो आहे. कोणता? देणगीबद्दल इतका आनंद दाखवला तर लोकांना वाटेल, आणखी मागतो आहे. सगळा भाग त्या आभाराच्या वाक्यातून फुटलेला आहे, हे विसरायचं नाही.

आता १३वं वचन. 'सर्व काही' म्हणजे किती? उत्तर शेजारच्या वचनात आहे. १२व्यात पौल म्हणतो, प्रत्येक बाबतीत आणि सर्व बाबतींत. आणि लगेच १३व्यात तोच 'सर्व' पुढे येतो. ग्रीकमध्ये या ठिकाणी 'करणे' असं वेगळं क्रियापदसुद्धा नाही. सर्व गोष्टींसाठी मला बळ आहे, इतकंच ते वाक्य आहे. कोणत्या सर्व? आत्ताच मोजलेल्या: भूक, भरलेलं पोट, टंचाई, सुबत्ता. परीक्षेत पहिला नंबर, परदेशाचा व्हिसा, निवडणुकीतला विजय यांतलं काहीही त्या यादीत नाही. उलट, नापास झाल्यावरही ज्याच्या बळावर उभं राहता येतं, त्याच्याबद्दल हे वचन आहे. दहावीच्या मुलांना हे सांगितलं तर त्यांच्या जास्त उपयोगी पडेल.

सावधान: 'मूळ ग्रीक भाषेत...' या वाक्याची चटक लागते. १३व्या वचनातल्या 'सामर्थ्य देणारा' या शब्दात ग्रीक 'दुनामिस' दडलेला आहे हे कुणीतरी सांगतं, आणि मग पुलपीटवरून (उपदेशाच्या व्यासपीठावरून) घोषणा होते की यावरूनच डायनामाइट हा शब्द आला, म्हणून ख्रिस्ताचं सामर्थ्य स्फोटक आहे. शब्द तिथून आला हे खरं. पण डायनामाइट निघालं १८६७च्या सुमारास, पहिल्या शतकातल्या पौलाच्या डोक्यात ते असणं शक्य नाही. आणि इथे पौल स्फोटाबद्दल बोलतच नाही; वर्षानुवर्षं टिकून राहायच्या बळाबद्दल बोलतो आहे. ग्रीक येत नसेल तर दोन-तीन भाषांतरं शेजारी ठेवा आणि जिथे ती वेगळी जातात तिथे खूण करा. एवढं पुरतं.

तपासा: किमान वीस गोष्टी टिपल्यात का? दहावर थांबला असाल तर अजून वाचलेलं नाही.

टप्पा ४: पहिल्या वाचकांच्या जागी बसा

आता बुधवार. तीन प्रश्न: कोणी लिहिलं, कोणाला, आणि कशापायी? उत्तरं आधी त्या पत्रातच शोधा. पौल बंधनात आहे (१:७, १:१३). फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती देणगी पाठवली (४:१८), तो इतका आजारी पडला की मरायला टेकला होता (२:२७). मग प्रेषितांची कृत्ये १६ वाचा: याच गावात पौल आणि सीला यांना छड्यांचा मार बसला, तुरुंगात टाकलं गेलं आणि मध्यरात्री ते गात होते. हे पत्र मंडळीत वाचलं गेलं तेव्हा त्या रात्री विश्वास ठेवलेला बंदिशाळेचा नायक समोर बसलेला असू शकेल. पौल समाधानाबद्दल लिहितो तेव्हा त्या माणसाला ते पुस्तकी वाटलं नसणार.

आता टीकाग्रंथ उघडायला हरकत नाही. ११व्या वचनातल्या 'समाधानी' या अर्थाच्या शब्दाबद्दल तिथे एक गोष्ट सापडेल. ग्रीक शब्द आहे 'औतार्केस', म्हणजे स्वतःपुरता स्वतः पुरेसा. त्या काळच्या स्तोइक विचारवंतांचा हा लाडका शब्द: बाहेरच्या जगाने काही दिलं-नेलं तरी ज्याचं मन हलत नाही तो माणूस. पौल शब्द त्यांचा घेतो आणि दोन वचनांत त्याचा पाया बदलतो. मी पुरेसा आहे तो माझ्या मनोनिग्रहामुळे नव्हे, मला बळ देणारा दुसरा आहे म्हणून.

मराठी मंडळीसाठी हा मुद्दा विशेष कामाचा आहे. समाधान हा शब्द आपल्या लोकांनी संतवाणीतून, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आधीच ऐकलेला असतो: आहे त्यात गोड मानावं. तो अर्थ हिणवायची गरज नाही. तसं करणारा उपदेशक पहिल्या पाच मिनिटांत माणसं गमावतो. पण पौल त्याच्या पुढे काय म्हणतो ते दाखवलं नाही, तर मंडळी जुनाच अर्थ घेऊन घरी जाईल.

टप्पा ५: एका वाक्यात सांगा

दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. हा भाग कशाबद्दल बोलतो? त्याबद्दल काय म्हणतो? आपल्या भागात: पौल कोणत्याही परिस्थितीत समाधानी कसा राहू शकतो याबद्दल. आणि म्हणतो असं की, ख्रिस्त बळ देतो म्हणून, आणि ते त्याला शिकावं लागलं. आता दोन्ही मिळून एक वाक्य:

हाती थोडं असो की पुष्कळ, ख्रिस्त बळ देतो म्हणून विश्वासणारा समाधानाने राहायला शिकू शकतो.

हे वाक्य जमायला मला कधीकधी दोन दिवस लागतात, आणि ते जमेपर्यंत मी पुढे जात नाही. 'ख्रिस्ताचं सामर्थ्य' हे वाक्य नव्हे, ते शीर्षक आहे. 'आपण समाधानी राहावं' हे वाक्य आहे, पण ते कुणाही सज्जनाचं असू शकतं. त्यात पौलही नाही आणि ख्रिस्तही नाही.

तपासा: हे वाक्य घरातल्या कुणाला ऐकवा आणि विचारा, हे बायबलच्या कोणत्या भागातून आलं असेल? 'कुठूनही' असं उत्तर आलं तर वाक्य अजून ढोबळ आहे.

टप्पा ६: ख्रिस्तापर्यंतची वाट

पुन्हा उठलेल्या प्रभूने अम्माऊसच्या वाटेवर मोशे आणि संदेष्ट्यांपासून सुरुवात करून शास्त्रातल्या स्वतःविषयीच्या गोष्टी उलगडल्या (लूक २४:२७). म्हणून शास्त्रभाग कोणताही असो, 'यातून सुवार्तेकडे वाट कुठून जाते' हा प्रश्न टाळता येत नाही. जुन्या करारात हे जास्त बिघडतं. दावीद आणि गल्याथावरचा उपदेश 'तुमच्या आयुष्यातला गल्याथ ओळखा' इथे संपतो, आणि ऐकणारा स्वतःला दावीद समजून घरी जातो. त्या गोष्टीतले इस्राएल लोक आपल्यासारखे होते: दरीच्या अलीकडे घाबरून उभे, आणि एकाने त्यांच्यासाठी जाऊन लढाई जिंकलेली.

आपल्या भागात वाट जवळच आहे. याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञाधारक राहिला. हलाखी आणि विपुलता दोन्ही त्याला माहीत. पौलाला बळ मिळतं ते अशा ख्रिस्ताकडून. ही जोड उपदेशाच्या शेवटी चिकटवलेल्या 'आणि येशू तुमच्यावर प्रेम करतो' सारखी वाटता कामा नये. ती तुमच्या एका वाक्याच्या पोटातच हवी.

टप्पा ७: समोरची माणसं

गुरुवारी वहीच्या एका पानावर मंडळीतली पाच-सहा माणसं लिहा. नावं वहीतच राहू द्या, पुलपीटवर नेऊ नका. कंत्राटी कामगार, ज्याचा पगार दोन महिने थकलाय. गावी आई आणि पुण्यात फ्लॅटचा हप्ता अशी ओढाताण असलेलं जोडपं. निवृत्त शिक्षिका, पेन्शन बरी आहे पण घर रिकामं. दुबईहून सुट्टीला आलेला मुलगा. आणि शेजाऱ्याच्या आग्रहाने आलेला एखादा, ज्याचा ख्रिस्तावर विश्वास नाही. प्रत्येकासमोर एक ओळ: हा शास्त्रभाग याला नेमकं काय म्हणतो?

इथे तुम्हाला कळेल की सगळ्यांना एकच सांगता येत नाही. कामगाराला सांगायचं ते त्या जोडप्याला लागू पडत नाही. त्यांना १२व्या वचनातली सुबत्तेची बाजू ऐकायची आहे. पाहुण्याला समाधान मिळवायचा सराव सांगून भागणार नाही, त्याला आधी बळ देणाऱ्याची ओळख हवी.

'आपण प्रार्थना केली पाहिजे, वचन वाचलं पाहिजे, मंडळीत आलं पाहिजे' हे तिहेरी लागूकरण कुठल्याही शास्त्रभागाला डकवता येतं. म्हणूनच ते डकवू नये. आपल्या भागाचं लागूकरण वेगळं आहे: मला कधी समाधान शिकावं लागलं? माझी हलाखी कोणती, सुबत्ता कोणती? कुठल्या बाजूला मी जास्त ढासळतो?

सावधान: दोन खड्डे आहेत. पहिला, १९वं वचन (देव तुमची सर्व गरज पुरवील) उचलून दानार्पणाच्या पिशवीशी जोडणं: इतकं द्या, तितकं मिळेल. ते वचन ज्या मंडळीला लिहिलं, तिने आधीच स्वतःच्या टंचाईतून दिलेलं होतं, आणि पौल १७व्या वचनात स्पष्ट म्हणतो की त्याची नजर देणगीवर नाही. दुसरा खड्डा जास्त फसवा. समाधानाचा उपदेश करणारा बहुधा पोट भरलेला असतो, आणि ऐकणारा पगार थकलेला. 'समाधानी राहा' हे त्याला 'गप्प राहा' असं ऐकू येतं. म्हणून १४वं वचन, पुढच्या रविवारचं असलं, तरी आजच उल्लेखा: तरीसुद्धा तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. पौल समाधानी होता म्हणून मंडळीची जबाबदारी संपली नाही.

टप्पा ८: आराखडा आणि उदाहरणं

आराखडा शास्त्रभागाच्या वळणानेच करा. आपला भाग दोन पावलांत चालतो: समाधान शिकावं लागतं, दोन्ही परिस्थितींत (१०-१२), आणि ते शिकवणारं बळ ख्रिस्ताचं असतं (१३). दोनच मुद्दे? हो. तिसरा नाही म्हणून घडवू नका. तिन्ही मुद्दे 'स'ने सुरू व्हावेत म्हणून शास्त्रभागाला पिळणं, हा मराठी उपदेशकांचा जुना छंद आहे. अनुप्रास लक्षात राहतो, अर्थ राहत नाही.

उदाहरणं शेवटी शोधा, आणि एका मुद्द्याला एकच. सिंह, गरुड, बेडूक यांच्या मोबाइलवर फिरणाऱ्या गोष्टी टाळा. त्या निम्म्या मंडळीने आधीच वाचलेल्या असतात आणि बहुतेक खऱ्या नसतात. एखादी खोटी गोष्ट पुलपीटवरून खरी म्हणून सांगितली की त्यापुढच्या खऱ्या वाक्यांवरचाही भरवसा उडतो. स्वतःच्या घरातलं सांगायचं तर घरच्यांना विचारून सांगा. सुरुवातीला एखादी अशी परिस्थिती ठेवा की ऐकणाऱ्याला हा शास्त्रभाग आपल्याला हवा आहे असं वाटेल. सुरुवात लांबवू नका. तीन-चार मिनिटांत बायबल उघडलेलं असलं पाहिजे.

टप्पा ९: लिहा, मग बोलून पाहा

शुक्रवारी सगळा उपदेश शब्दशः लिहा, बोलतो तसा. माझा हिशेब: दहा मिनिटांना साधारण हजार शब्द. पंचवीस-तीस मिनिटांचा उपदेश बहुतेक मंडळ्यांना झेपतो. शनिवारी उभं राहून मोठ्याने एकदा बोला, घड्याळ लावून. जे वाक्य जिभेवर अडतं ते मोडा. मग एका पानावर टिपणं काढा आणि रविवारी तेवढंच पान न्या. शब्दशः लिहिलेलं वाचून दाखवलं तर डोळे कागदात राहतात.

ओळखीच्या शब्दांकडे एकदा बघून घ्या. नीतिमान ठरणे, प्रायश्चित्त, पवित्रीकरण, कृपा: हे टाळायचे नाहीत, पण पहिल्यांदा येतील तिथे एका साध्या वाक्यात उलगडायचे.

टप्पा १०: उपासना चालवणाऱ्यांशी बोला

हे बुधवारीच व्हायला हवं. लिहिताना इथे आलं एवढंच. गीतं निवडणाऱ्याला शास्त्रभाग आणि ते एक वाक्य कळवा. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली गीतं असोत की तरुणांची नवी कोरस, शब्द तपासून घ्या. आपल्या रविवारी 'मी जिंकणारच' अशा थाटाचं कोरस उपदेशानंतर लागलं तर पंचवीस मिनिटांचं काम दोन मिनिटांत धुऊन निघतं.

शास्त्रवाचन कोण करणार ते ठरवा आणि त्या व्यक्तीला भाग दोन दिवस आधी द्या. नहेम्या ८:८ मध्ये लेव्यांनी (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातल्या लोकांनी) नियमशास्त्र स्पष्ट वाचलं आणि अर्थ समजावून दिला. वाचन आधी, अर्थ नंतर. एपफ्रदीत या नावावर अडखळत वाचलेला पाठ मंडळी पाठ म्हणून ऐकत नाही, गंमत म्हणून ऐकते. मध्यस्थीच्या प्रार्थनेत थकलेला पगार, शेतातलं नुकसान, आजारी माणसं यांची नावं यावीत, म्हणजे उपदेशातलं समाधान हवेत राहणार नाही. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) असेल तर उपदेश पाच मिनिटांनी कमी करा. भोजन उरकून टाकू नका.

टप्पा ११: रविवारी

लवकर पोचा. माइकवर दोन वाक्यं बोलून बघा. शास्त्रभाग जाहीर केल्यावर पानं उलटायला लोकांना अर्धा मिनिट द्या, आणि मोबाइलवर वाचणाऱ्यांना भाषांतराचं नाव सांगा. उपदेशात पुन्हा पुन्हा बोट वचनावर न्या: '१२वं वचन बघा.' लोकांची मान खाली जाऊन परत वर आली की समजा, ते तुमचं नव्हे, शास्त्र ऐकताहेत.

आवाज चढवून 'हालेलुया' वसूल करू नका. 'शेवटी' म्हटलं की खरंच शेवट करा. मी एका उपदेशात हा शब्द चारदा म्हटल्याचं माझ्या मुलीने मोजलं होतं. वेळ संपत आली तर दुसऱ्या मुद्द्यातलं उदाहरण गाळा, ख्रिस्ताबद्दलचा भाग गाळू नका.

टप्पा १२: सोमवारी

दारात 'छान झाला उपदेश' म्हणणाऱ्यांवरून काही कळत नाही. सोमवारी दोघांना विचारा, एक पोक्त आणि एक विशीतला: उपदेश कशाबद्दल होता? त्यांनी तुमचं ते एक वाक्य आपल्या शब्दांत सांगितलं तर ठीक. फक्त गोष्ट आठवत असेल, तर गोष्टीने शास्त्रभाग खाल्ला. 'तुम्ही फार पोटतिडकीने बोललात' असं म्हणाले, तर एका वाक्याच्या टप्प्यावर परत जा.

वहीत तारीख, शास्त्रभाग, लागलेली मिनिटं आणि या दोन उत्तरांची नोंद करा. मग पान उलटा, वर '४:१४-२०' लिहा आणि पत्र पुन्हा पहिल्या अध्यायापासून मोठ्याने वाचायला घ्या.